रफू

सूट एकच होता.
दुसऱ्याचं कापड कंपनीने नामंजूर केलं,
आणि दिग्दर्शक सोनेझाकी म्हणाले, ह्यातच मरेल तो.
म्हणजे मरायचा एकदाच,
पण कॅमेऱ्याचं समाधान होईपर्यंत.

सगळे अजून म्हणतात, तो पांढरा सूट.
पांढरा नव्हताच.
काळ्या-पांढऱ्या फिल्मवर पांढरं भगभगतं,
आतला माणूस विरघळतो,
म्हणून मी तो चहाच्या पाण्यात बुडवून काढलेला,
स्वस्तातल्या, काड्या असलेल्या चहाच्या.
मागच्या गल्लीत वाळत घातला तर
मेकअपच्या ओकिनोबाई म्हणाल्या,
कुणाच्या आजोबांचा लंगोट गं हा?

रक्त म्हणजे सोया सॉस आणि शाई.
छातीवर पिशवी, पिशवीखाली इवलासा फटाका,
बटण दाबणारा पोरगा नवशिका.
फट्.
कुराहाशी मागे झुकायचा
एका हाताने हॅट सावरत,
दुसऱ्यातली सिगारेट विझू न देता,
आणि मिठाच्या बर्फावर पडायचा
जणू कुणी गादी घालून ठेवलीये.
"पुन्हा."
मग सूट माझ्याकडे.

आधी धुणं. मग इस्त्रीने वाळवणं.
भोकाच्या जळक्या कडा कातरायच्या,
आतल्या शिवणीतून धागे उपसायचे,
त्याच कापडाचे, म्हणजे रंग दगा देत नाही,
उभ्यावरून आडवा, आडव्याखालून उभा,
पहाटे चारपर्यंत
माणूस मरायला पुन्हा तयार.

नेझू त्याच दिवसांत यायचा.
खऱ्या टोळीतला. पत्ते कसे पिसतात,
थोरल्यापुढे किती वाकतात, हे दाखवायला ठेवलेला.
डाव्या करंगळीचं पेर नव्हतं.
माझ्या शेगडीपाशी बसून सुई बघायचा,
तोंडातून चकार शब्द नाही.

तिसऱ्या रात्री त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं
एक जाकीट पुढे सरकवलं.
तपकिरी, बाजारी कापडाचं, कोपरं झिजलेली.
बरगडीपाशी चीर. करंगळीएवढी.
विचारलं नाही मी.
फटाक्याचं भोक गोल असतं, काळ्या काठाचं;
ही चीर नीटस होती,
कापड जणू स्वतःहून बाजूला झालेलं.
मुळ्याचा कीस लावून पाहिला, आई लावायची तसा,
थंड पाणी, मीठ (सेटवरचंच, बर्फातलं).
डाग फिका झाला.
गेला नाही.

"तुमचा हिरो छान पडतो," नेझू म्हणाला.
"आमचा पोरगा पडलाच नाही.
भिंतीला धरून उभा राहिला बराच वेळ,
आणि मला म्हणाला,
दादा, जरा लघवीला जाऊन येतो."

सकाळी चौथ्या टेकला सोनेझाकींनी मान हलवली.
मीठ झाडून पोत्यांत भरलं गेलं.
जाकीट न्यायला कुणी आलं नाही.

परवा भाची घेऊन गेली, स्टेशनामागच्या छोट्या थिएटरात.
हाऊसफुल्ल. सगळी विशीतली पोरं,
एकाने तर अंधारातही काळा गॉगल लावलेला.
तो झुकला, हॅट सावरली, पडला.
शेजारी कुणी श्वास सोडला: काय स्टाइल!
मी मात्र डाव्या खिशाच्या वर बघत होते.
तिथे, गोळी लागायच्या आधीच,
एक रेघ आहे केसाएवढी,
गोळीला वाट माहीत असल्यासारखी.
दिसली.
टाका जरा घट्ट ओढला गेलाय.
झोप आली असणार.

जाकीट पुढे नवरा वापरायचा,
थंडीत लाकडं फोडताना.
कुठलं, ते मी सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही.
फक्त कधीतरी कुऱ्हाड टेकवून
बरगडीपाशी हात न्यायचा, म्हणायचा,
इथे जरा जाड लागतं.